इरावतीकाठचे मंडाले: वाट आणि दर्शन

आग्नेय आशियातील नदीकाठच्या शहरांपैकी मराठी घराघरांत नावाने परिचित असलेले शहर बहुधा एकच, आणि ते म्हणजे मंडाले. लोकमान्य टिळकांचा सहा वर्षांचा कारावास आणि ‘गीतारहस्य’ या ग्रंथाचा जन्म या दोन गोष्टींमुळे हे नाव शालेय पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या पोचले. परंतु तुरुंगाच्या भिंतीपलीकडे असलेले शहर, म्हणजे इरावती नदीच्या पूर्व तीरावरील ब्रह्मदेशाच्या राजांची अखेरची राजधानी, मराठी वाचकाच्या नजरेआडच राहिले. ब्रह्मदेशाला आज म्यानमार म्हणतात आणि मंडाले हे यांगूनच्या, म्हणजे जुन्या रंगूनच्या खालोखाल तेथील दुसऱ्या क्रमांकाचे मोठे शहर आहे.

शहर दिसायला पुरातन असले तरी वयाने ते मुंबई विद्यापीठाएवढेच आहे. मिंडॉन राजाने १८५७ मध्ये, बुद्धसंवताची चोवीसशे वर्षे पूर्ण होत असल्याचा योग साधून, मंडाले टेकडीच्या पायथ्याशी या नगराची पायाभरणी केली आणि पुढील काही वर्षांत जवळच्या अमरपुऱ्याहून राजधानी येथे हलवली. राजवाडे सागवानी लाकडाचे असल्यामुळे ते खांब-तुळयांसह उतरवून नव्या जागी पुन्हा उभारता येत असत. राजधानी बदलणे म्हणजे पुष्कळ अंशी लाकूड वाहून नेणेच होते, आणि आवा, अमरपुरा व मंडाले या तिन्ही राजधान्या एकमेकींपासून काही कोसांच्या अंतरात का आहेत याचा उलगडा त्यातून होतो. शहरात कोणत्या वाटेने शिरावे याचे उत्तर मात्र त्या काळी एकच होते, नदी. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांचे सैन्य आगबोटींच्या ताफ्यातून इरावतीने वर चढून आले आणि जेमतेम दोन आठवड्यांत युद्ध संपले. शरण आलेल्या थिबा राजाला, म्हणजे मिंडॉनच्या मुलाला, व सुपयालत राणीला बैलगाड्यांतून धक्क्यावर नेऊन त्याच नदीने खाली रंगूनला रवाना करण्यात आले. रंगून-मंडाले रेल्वे १८८९ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर नदीचे महत्त्व प्रवाशांपुरते कमी झाले. टिळकांना सप्टेंबर १९०८ मध्ये मंडालेला नेले ते समुद्रमार्गे रंगूनला आणि तेथून आगगाडीनेच.

आजच्या प्रवाशाची वाट विमानाची आहे. शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे येथून निघणाऱ्याला शिक्रापूरला नगर रस्ता गाठून लोहगाव विमानतळापर्यंत पोचणे हा प्रवासाचा सर्वांत सोपा टप्पा ठरतो, मग वाघोलीच्या वाहतूक कोंडीबद्दल कोणी काहीही म्हणो. पुढे कोलकात्यावरून यांगून किंवा बँकॉकमार्गे म्यानमार, आणि यांगूनहून देशांतर्गत विमानाने मंडाले, असा साधारण क्रम असतो. मंडालेचा विमानतळ शहराच्या दक्षिणेस सुमारे ३५ किलोमीटरवर तडा-ऊ येथे आहे. यांगूनहून आगगाडीनेही जाता येते. अंतर सुमारे ६२० किलोमीटर असून वेळापत्रकाप्रमाणे गाडी धावली तरी प्रवासाला निम्म्याहून अधिक दिवस जातो. भारतीयांना व्हिसा, म्हणजे प्रवेशाचा परवाना, लागतो. घड्याळ भारतापेक्षा एक तास पुढे लावावे लागते आणि चलन ‘च्याट’ हे आहे.

या वाटेवर आज निघावे का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्याला गुळमुळीत उत्तर देणे बरोबर नाही. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता हाती घेतल्यापासून देशात यादवी चालू आहे आणि मंडालेच्या आसपासचा, विशेषतः नदीपलीकडील सागाइंगचा प्रदेश तिच्या झळांपासून दूर नाही. त्यातच २८ मार्च २०२५ रोजी ७.७ तीव्रतेचा भूकंप मंडाले-सागाइंगच्या पट्ट्यातच झाला, हजारो माणसे दगावली, इरावतीवरचा १९३४ सालचा जुना आवा पूल नदीत कोसळला आणि अनेक मंदिरे व मठ ढासळले. भारताने ‘ऑपरेशन ब्रह्मा’ या नावाने मदत पाठवली आणि भारतीय लष्कराने मंडालेतच तात्पुरते रुग्णालय उभारले. त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाच्या ताज्या सूचना पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये. पुढील वर्णनातील काही वास्तू डागडुजीच्या अवस्थेत असतील हेही गृहीत धरावे.

शहराच्या मध्यभागी किल्ला आहे. प्रत्येक बाजूला सुमारे दोन किलोमीटर लांबीची विटांची तटबंदी, तिच्याभोवती साठ मीटरांहून अधिक रुंदीचा पाण्याचा खंदक आणि चारही बाजूंना मिळून बारा दरवाजे अशी त्याची मांडणी असून, चौरसाच्या केंद्रस्थानी राजाचे सिंहासन म्हणजे विश्वाच्या केंद्रस्थानी मेरुपर्वत, ही त्यामागची कल्पना भारतीय पुराणांतूनच तेथे पोचलेली आहे. इंग्रजांनी किल्ला घेतल्यावर त्याला व्हाइसरॉय डफरिन याचे नाव देऊन तेथे छावणी केली आणि आतच तुरुंग ठेवला. लाला लजपतराय १९०७ मध्ये, टिळक १९०८ ते १९१४ या काळात आणि सुभाषचंद्र बोस पुढे १९२५ पासून येथे बंदिवासात होते. बोसांनी येथूनच टिळकांचे सहकारी न. चिं. केळकरांना लिहिलेल्या पत्रात टिळकांच्या बराकीचे वर्णन आहे. ही बराक लाकडी होती. भिंतींच्या जागी नुसत्या उभ्या लाकडी फळ्या-खांबांची रांग आणि मधल्या फटी, त्यामुळे उन्हाळ्यातील झळा, थंडीतील वारा आणि वर्षभराची धूळ यांपैकी काहीच अडत नसे. सुट्या कागदांना परवानगी नव्हती. पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या मिळत आणि शाई वर्ज्य असल्याने लेखन शिसपेन्सिलीने करावे लागे. पन्नाशी उलटलेल्या, मधुमेहाने पोखरलेल्या माणसाने १९१०-११ च्या हिवाळ्यात, पाच महिन्यांच्या आत, ‘गीतारहस्या’चा खर्डा या पिंजऱ्यात पुरा केला. पुस्तक छापून निघाले १९१५ मध्ये.

मराठी प्रवासी किल्ल्यात प्रामुख्याने ही जागा शोधत जातो आणि निराश होतो, कारण तटाच्या आतील बहुतेक भाग आजही लष्कराकडे आहे. परदेशी प्रवाशांना पूर्व दरवाजातून फक्त राजवाड्यापर्यंत जाऊ देतात. तो राजवाडाही मूळचा नव्हे. मार्च १९४५ मध्ये ब्रिटिश-भारतीय सैन्य आणि जपानी यांच्यातील लढाईत किल्ल्यावर तोफा-बाँबचा मारा झाला, सागवानी राजवाडा जळून खाक झाला आणि आज दिसणाऱ्या लाल छपरांच्या इमारती १९९० च्या दशकात उभारलेल्या आहेत. जुन्या राजवाड्याचे अस्सल लाकूड पाहायचे असेल तर किल्ल्याबाहेर, टेकडीच्या बाजूस असलेल्या श्वेनांडॉ मठात जावे. मिंडॉन राजाचा मृत्यू ज्या महालात झाला तो अशुभ मानून थिबाने उतरवला आणि मठासाठी दान केला. एका राजाच्या धास्तीमुळे वास्तू आगीतून वाचली. भिंतींवर, दारांवर, कडीपाटावर वीतभरही जागा कोरीवकामाशिवाय सोडलेली नाही, आणि एके काळी या सर्वांवर सोन्याचा वर्ख होता.

राजवाड्याविषयी एक सल्ला येथेच द्यायला हवा: मंडालेचा राजवाडा पाहण्याआधी रत्नागिरीचा पाहावा. थिबा राजाला १८८६ मध्ये रत्नागिरीस आणले गेले आणि १९१६ च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत तो तेथून हलला नाही. १९१० साली त्याच्यासाठी बांधलेला, तांबूस चिऱ्यांचा तीन मजली वाडा त्याच्या प्रत्यक्ष वास्तव्याची खूण आहे, तर मंडालेतील सिंहासनगृह नुसती प्रतिकृती. टिळकांचे जन्मघरही रत्नागिरीतच आहे. टिळक मंडालेच्या किल्ल्यात कैदी असताना त्या किल्ल्याचा धनी टिळकांच्या जन्मगावी कैदी होता, ही अदलाबदल इंग्रज सरकारने जाणूनबुजून केली नसली तरी राज्यकर्त्यांचा हिशेब दोन्हीकडे तोच होता: माणूस त्याच्या भाषेपासून आणि माणसांपासून समुद्राने तोडायचा. थिबाची समाधीही रत्नागिरीत असून २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिचे दर्शन घेऊन गेले. सुपयालत राणीला मात्र पतीच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्ये, रंगूनला परतू देण्यात आले. मंडाले तिला पुन्हा दिसले नाही.

किल्ल्याच्या ईशान्येस मंडाले टेकडी आहे. छपराखालून जाणाऱ्या पायऱ्यांनी चढावे, पादत्राणे आणि मोजे दोन्ही खालीच काढावेत. दुपारी फरशी पाय पोळते म्हणून चढण सकाळी किंवा चारनंतर बरी. वाटेत बुद्धाची एक उभी मूर्ती राजवाड्याच्या दिशेने बोट दाखवते. येथे महानगर वसेल, असे बुद्धाचे भाकीत मानले जाते. टेकडीच्या पायथ्याशी कुथोडॉ पागोडा आहे. पागोडा म्हणजे स्तूप, आणि या स्तूपाभोवती प्रत्येकी छोट्या पांढऱ्या देवळीत एक, अशा ७२९ संगमरवरी शिळा उभ्या आहेत. शिळा सुमारे दीड मीटर उंच, वीतभराहून कमी जाड आणि दोन्ही अंगांनी कोरलेल्या आहेत. त्यांवर पाली भाषेतील संपूर्ण त्रिपिटक, म्हणजे विनय, सूत्र आणि अभिधम्म या तीन ‘पेटाऱ्यां’तील बौद्ध धर्मग्रंथ, बर्मी लिपीत आहे. मिंडॉन राजाने हे काम १८६० च्या दशकात करवून घेतले आणि युनेस्कोने २०१३ मध्ये त्याची जागतिक स्मृतिवारसा म्हणून नोंद केली. अक्षरे मुळात सोनेरी होती.

सोने हा या शहराचा धर्मही आहे आणि धंदाही. महामुनी मंदिरातील बुद्धमूर्ती १७८४-८५ च्या सुमारास आराकान जिंकून आणलेली. पुरुष भाविक तिला सोन्याचा वर्ख लावतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वर्खाने मूर्तीचे अंग गाठीगाठींनी फुगले आहे, पहाटे विधिपूर्वक धुतला जाणारा चेहरा तेवढा गुळगुळीत राहिला आहे. स्त्रियांना गाभाऱ्यात प्रवेश नाही, ही गोष्ट महाराष्ट्रातून जाणाऱ्याला नवलाची वाटणार नाही, पटावी असेही नाही. वर्ख ठोकणाऱ्यांच्या आळीत बांबूपासून केलेल्या खास कागदांच्या चवडीत सोन्याचे तुकडे ठेवून, ती चवड कातड्यात बांधून, उघड्या अंगाची माणसे जड हातोड्याने तासन्‌तास ठोकत असतात. किती वेळ ठोकायचे हे घड्याळ ठरवत नाही. पाण्याच्या भांड्यात तळाला भोक पाडलेली नारळाची करवंटी तरंगत असते, ती भरून बुडाली की एक फेरी झाली. लग्नमुहूर्तासाठी मराठी मांडवात ठेवले जाणारे घटिकापात्र याच तत्त्वावर चालते. तेथे ते बुडाल्यावर अंतरपाट दूर होतो, येथे हातोडा दुसऱ्या हातात जातो.

शहराच्या दक्षिणेस अमरपुऱ्याजवळ तौंगथमान तलावावर ऊ बेन पूल आहे. आवाच्या राजवाड्यातील जुने सागवान वापरून १८५० च्या सुमारास बांधलेला, सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा हा पादचारी पूल छायाचित्रांमुळे इतका प्रसिद्ध झाला आहे की संध्याकाळी तेथे गर्दीच गर्दी. पहाटे जावे. नदीने वर सुमारे तासाभराच्या होडीप्रवासावर पश्चिम तीराला मिंगून लागते. तेथे बोडोपया राजाने १७९० च्या सुमारास जगातील सर्वांत मोठा स्तूप बांधायला घेतला, तो अर्धवट राहिला, आणि १८३९ च्या भूकंपाने विटांच्या त्या डोंगराला वरपासून खालपर्यंत भेगा पाडल्या. शेजारची घंटा सुमारे नव्वद टनांची. फेरीबोट शांतपणे चालते, आणि इरावती समजून घ्यायला यापरता चांगला मार्ग नाही: सागाचे तराफे, वाळू काढणाऱ्या होड्या, पाणी ओसरल्यावर मळईत लावलेला भुईमूग.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा जाण्याचा काळ, कारण एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. मंडाले कोरड्या पट्ट्यात आहे. बंगालच्या उपसागराकडून येणारे ढग आराकानच्या डोंगररांगेवर रिते होतात आणि पलीकडे थोडकाच पाऊस पोचतो; सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, वेळ नदीच्या काठी राहणाऱ्या तळेगावकरांना हे भूगोलाच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. पिकेही त्यामुळे ओळखीची: तीळ, भुईमूग, हरभरा, उडीद आणि तूर. शाकाहारी माणसाची तेथे फारशी अडचण होत नाही, कारण शान प्रांताकडचे ‘तोफू’ सोयाबीनचे नसून बेसनाचे असते. विमानतळाकडून शहरात येताना दुतर्फा दिसणारी तूर यांगून बंदरातून भारतात येते आणि भुसार बाजारात ती ‘लेमन तूर’ या नावाने विकली जाते. २०२१ मध्ये दोन्ही देशांनी दरवर्षी अडीच लाख टन उडीद व एक लाख टन तूर पाच वर्षे भारतात पाठवण्याचा करार केला, आणि लातूर-अकोल्याचा शेतकरी आपल्या तुरीच्या भावाची चिंता करताना ज्या आयातीला बोल लावतो तिच्यातील एक वाटा याच कोरड्या पट्ट्यातून येतो.