फराळाआधी घराची एक राउंड!

दिवाळीची तिकिटं कन्फर्म झाली? बॉसने रजा मंजूर केली? मग पुणे-मुंबई-नागपूरहून चंद्रपूर-गडचिरोलीकडे निघणाऱ्या माझ्यासारख्या तमाम मंडळींसाठी एक छोटंसं काम. घरी पोहोचा, बॅग टाका, आईच्या हातचा चहा घ्या. आणि चिवड्याच्या डब्यात हात घालण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावून अख्ख्या घराची एक राउंड मारा.

कशासाठी? थंडीसाठी! हसू नका. चंद्रपूर म्हटलं की मे महिन्यातला ४७ अंशांचा पारा आठवतो, हे मान्य. पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हाच पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. घरं मात्र बांधलेली असतात उन्हाळ्याच्या हिशेबाने. उंच छत, कवेलू, भिंतीत झरोके आणि खिडकीत कूलर. माझ्या बाबांकडे मी हा विषय काढला, तर त्यांनी एका वाक्यात निकाल लावला, "दोन महिन्यांची तर थंडी, त्यात कसली तपासणी?"

घोडं पेंड खातं ते इथेच. उन्हाळ्याची तयारी आपल्याकडे महिनाभर चालते. थंडीची तयारी म्हणजे काय, तर पेटीतल्या गोधड्यांना ऊन दाखवणं! मग पहिल्या गार रात्री जे हाताला लागेल ते कोंबून घर बंद केलं जातं. खरा धोका गारठ्यापेक्षा या घाईच्या बंदोबस्तात असतो. शिवाय आई-बाबांना त्या घराची सवय झालेली. वर्षातून दोनदा येणाऱ्याच्या नजरेला जे खटकतं, ते रोज बघणाऱ्याला दिसतच नाही.

भिंत आत्ताच बोलते

पावसाळा नुकताच संपलेला असतो. पाणी कुठून मुरलं, हे भिंतीवरचे डाग आत्ता अगदी स्पष्ट सांगतात. उन्हाळ्यापर्यंत तेच डाग वाळून गप्प बसतात. डुगडुगत्या स्टुलावर चढू नका, खालूनच लांब काठीने छताचं प्लास्टर हलकेच ठोकून बघा. आवाज पोकळ आला, तर त्याखालची खाट आधी हलवा, मिस्त्रीला फोन नंतर. कवेलूचं घर असेल तर वानरांनी कुठली कवेलू सरकवली-फोडली, तेही बघा. सिमेंटचं काम उरकायलाही हेच दिवस बरे. मे महिन्याच्या उन्हात ओलं प्लास्टर भराभर सुकतं आणि तडकतं.

भिंतीला तडा दिसला तर? त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा, शेजारी तारीख लिहा. पुढच्या भेटीत तडा खुणेबाहेर गेलेला दिसला, तर नुसता रंग मारून भागणार नाही, इंजिनीअरला दाखवा. कोळसा पट्ट्यात राहणाऱ्यांनी तर हे मनावर घ्याच. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गडप झालं. खाली जुनी भूमिगत खाण होती. हादरा जाणवताच घरातली माणसं बाहेर पळाली, म्हणून वाचली. प्रत्येक तडा असा नसतो. पण कुठला तडा वाढतोय, हे आपल्याला माहीत हवं.

कूलरची सुट्टी

आपल्याकडे कूलर बारा महिने खिडकीत ठाण मांडून बसतो. त्याच्यामुळे खिडकी बंद होत नाही, रात्रभर गार वारा आत येतो आणि आई तिथे पोतं कोंबते. त्यापेक्षा कूलर काढा आणि खिडकी नीट बंद होते का बघा. टाकी नुसती रिकामी करू नका, ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या टाकीच्या कडेला महिनोन् महिने चिकटून राहतात आणि पाणी मिळालं की फुटतात.

गरम पाणी, गरम वायर

दोन हजार वॉटचा गीझर जवळपास नऊ अँपिअर करंट ओढतो. तो सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चालत असेल, तर ते प्लास्टिक एक दिवस वितळणार. पिवळा पडलेला प्लग, जळका वास, पाण्याला हात लावताच झिणझिण्या, यातलं काहीही आढळलं तर आधी इलेक्ट्रिशियन, मग अंघोळ! बादलीत सोडायचा हीटर रॉड असेल, तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही, हे बाबांनाही बजावा.

सगळ्यात महत्त्वाचं : हवा

गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवलाय? वरची झडप गारठ्यामुळे बंद केलीय? मग हा परिच्छेद दोनदा वाचा. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते आणि कडी उघडायचीही ताकद उरत नाही. त्यामुळे गीझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत हलवा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर गीझर बंद ठेवून मेकॅनिकला बोलवा.

हेच कोळशाच्या शेगडीचं. कोळशाच्या मुलखात ती स्वस्त आणि घरोघरची. पण धूर थांबला म्हणजे धोका टळला, असं नाही. लाल निखाऱ्यांतूनही तोच वायू निघत असतो. दारं-खिडक्या लावून, शेगडी खोलीत ठेवून झोपायचं नाही म्हणजे नाही.

घरात बाळंतीण असेल तर हे आजीला समजावणं जरा अवघड जाईल, कारण शेक-शेगडीशिवाय बाळंतपण होतं हेच तिला पटत नाही. आजीचं निम्मं बरोबरच आहे, नवजात बाळाला ऊब हवीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करून घरच्या घरी बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, त्यात बाळाला उबदार ठेवणं हा महत्त्वाचा भाग होता. १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'ने हे काम छापलं आणि जगाने त्याची दखल घेतली. पण ही ऊब टोपडं, दुपटं आणि आईच्या कुशीतून द्या, निखाऱ्यांच्या बंद खोलीतून नको.

सगळ्या राउंडला तास पुरे. ऐन दिवाळीत मिस्त्री आणि इलेक्ट्रिशियन दोघंही गायब असतात, म्हणून फोन निघण्याआधीच करून ठेवा. आई-बाबा म्हणतील, "चालते ना सगळं!" म्हणू द्या. गीझर बाहेर काढून घेतल्याशिवाय मात्र परतीच्या गाडीत बसू नका.