ट्रकमधून दोघेही उतरले

इफ्तार झाली, तरावीहची नमाज झाली, की घरातली मंडळी विचारतात, ‘सगळ्यांनी मिळून पाहण्यासारखं काही आहे का?’ यंदा मी नीरज घायवान यांच्या ‘होमबाउंड’चे नाव सांगतो. २०२५ चा हा हिंदी चित्रपट कान महोत्सवात गाजला, भारताने ऑस्करसाठी पाठवला आणि आता नेटफ्लिक्सवर घरबसल्या पाहता येतो.

उत्तर भारतातल्या खेड्यातले शोएब (ईशान खट्टर) आणि चंदन (विशाल जेठवा) हे जिवलग मित्र. एक मुसलमान, दुसरा दलित. दोघांनाही पोलीस शिपाई व्हायचे आहे. एकदा खाकी अंगावर चढली की नाव आणि जात कोणी विचारणार नाही, ही त्यांची आशा. आपल्याकडे पहाटे मैदानावर भरतीसाठी धावणारी मुले रोज पाहणाऱ्याला ती आशा लगेच ओळखू येईल.

चित्रपटात कोणी खलनायक नाही. शोएब ऑफिसात शिपाई म्हणून लागतो, तर एक कर्मचारी त्याला आपली पाण्याची बाटली भरू देत नाही. चंदनची आई शाळेत मुलांसाठी स्वयंपाक करते, तर पालकांना तिच्या हातचे चालत नाही. चंदन स्वतः अर्जात आपली जात लिहायला कचरतो. असे प्रसंग आपल्याही आसपास घडतात, आणि आपण विषय बदलतो. इथे कॅमेरा विषय बदलत नाही.

पोटासाठी दोघे सुरतच्या कापड गिरणीत जातात आणि २०२० ची टाळेबंदी येते. पुढची गोष्ट खरी घडलेली आहे. पत्रकार बशारत पीर यांनी ती ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिली होती. सुरतहून उत्तर प्रदेशातल्या गावी निघालेल्या दोन मित्रांपैकी एक ट्रकमध्ये तापाने फणफणला. करोनाच्या भीतीने बाकीच्यांनी त्याला मध्य प्रदेशात रस्त्यावर उतरवले. दुसरा मित्र त्याच्यासोबत उतरला. आजारी मित्राचे डोके मांडीवर घेऊन बसलेल्या त्या तरुणाचे छायाचित्र अनेकांना आठवत असेल. पडद्यावर काय होते, ते इथे सांगत नाही.

उणिवा आहेत. जान्हवी कपूरच्या सुधाला आणखी जागा हवी होती, आणि काही संवाद मुद्दा जरा जास्तच समजावून सांगतात. लहान मुलांना हा चित्रपट जड जाईल. आठवी-नववीच्या पुढच्यांना मात्र जरूर सोबत बसवा. दोन तासांत संपतो, त्यानंतर घरात बोलणे होतेच.

आपल्या सिनेमातला मुसलमान बहुतेक वेळा बंदूक घेऊन येतो, नाहीतर देशासाठी मरून आपली निष्ठा सिद्ध करतो. शोएबला यातले काहीच करावे लागत नाही. तो फक्त मित्र आहे.

आणि एक गोष्ट. मे २०२० मध्ये तो तरुण ट्रकमधून उतरला, तेव्हा रमजानचाच महिना चालू होता.