मराठवाड्याचा आवाज : एका वृत्तपत्राची वाटचाल

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्याचा भूभाग स्वातंत्र्यापूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. जालना औरंगाबाद जिल्ह्यात होते, तर परतूर परभणी जिल्ह्यात. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच मराठी भाषिक जिल्हे म्हणजे त्या संस्थानातील भाषेचे जणू एक बेटच होते. शेजारच्या मुंबई प्रांतात व वऱ्हाडात मराठीच बोलली जाई. परंतु मध्ये संस्थानाची सीमा होती.

निर्बंधांचा काळ

संस्थानचा राज्यकारभार उर्दूतून चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानामुळे जाहीर सभेसाठी पूर्वपरवानगी आवश्यक झाली. अशा परिस्थितीत एका जिल्ह्यातील जनतेची गाऱ्हाणी दुसऱ्या जिल्ह्यास कळण्याचे साधन फारच अपुरे होते. लक्ष्मणराव फाटक यांनी १९२० मध्ये हैदराबाद येथे सुरू केलेल्या ‘निजाम विजय’ या साप्ताहिकाने ही उणीव काही अंशी भरून काढली.

परतूरचे अधिवेशन

१ जून १९३७ रोजी परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. संस्थानातील मराठी जनतेच्या संघटित राजकीय कार्याचा प्रारंभ आज जालना जिल्ह्यात असलेल्या या गावी झाला, ही गोष्ट जिल्ह्यास भूषणावह आहे. त्यानंतर आठच महिन्यांनी, १० फेब्रुवारी १९३८ रोजी, आनंद कृष्ण वाघमारे यांनी हैदराबाद येथून ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले. विखुरलेल्या पाच जिल्ह्यांची एकत्रित ओळख या पत्राच्या नावातच सामावलेली होती.

परखड लेखनामुळे या पत्रावर निजाम सरकारची वक्रदृष्टी वळली व त्यावर बंदी आली. तथापि, नाव बदलून अंक काढीत वाघमारे यांनी लोकजागृतीचे व्रत सोडले नाही. नाव बदलले तरी वाचकांना आवाज ओळखू येत होता, हेच त्या पत्राचे खरे बळ होय.

मुक्तीनंतर

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. त्यानंतर ‘मराठवाडा’ औरंगाबाद येथून प्रसिद्ध होऊ लागला व कालांतराने त्याचे दैनिकात रूपांतर झाले. अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली विभागाच्या विकासाचे प्रश्न त्याने सातत्याने मांडले. आणीबाणीत भालेराव यांना कारावास पत्करावा लागला. मुक्तिलढ्याचा इतिहासही त्यांनी ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात लिहून ठेवला.

पुढे हे दैनिक बंद पडले. आता त्याचे जुने अंक हेच त्या कालखंडाचे मोलाचे साधन आहे. वृत्तपत्राचा कागद अल्पायुषी असतो. वाळवी व ओल यांनी एकदा नष्ट झालेला अंक पुन्हा मिळणे कठीण. म्हणून ग्रामपंचायतींनी व शाळांनी आपल्या गावातील वाचनालये, जुने वाडे व स्वातंत्र्यसैनिकांच्या घरची दप्तरे यांतील असे अंक शोधून त्यांची नोंद करावी व ते जपण्याची व्यवस्था करावी. दरवर्षी १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होते. त्याच दिवशी विद्यार्थ्यांसमोर असा एखादा अंक ठेवता आला, तर आपल्या गावाचा त्या लढ्याशी असलेला संबंध त्यांना प्रत्यक्ष पाहता येईल.