ज्याची उलटतपासणी होत नाही, ते कारण नव्हे

आपल्या सभांमध्ये ‘विज्ञानवादी’ हा शब्द वारंवार उच्चारला जातो. पण विज्ञानवादी म्हणजे कोण? मोबाईल वापरणारा? तसे असेल तर मोबाईलवर मुहूर्त पाहणाराही विज्ञानवादीच ठरेल! विज्ञान म्हणजे यंत्र नव्हे. एखादी घटना का घडली याचे कारण शोधण्याची आणि सापडलेले कारण खरे की खोटे हे तपासण्याची रीत म्हणजे विज्ञान. ही रीत कशी चालते आणि ती कोणाला झोंबते, हे व्हिएन्ना शहरातील एका रुग्णालयाच्या इतिहासावरून ध्यानात येते.

तेथील सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. 1846 साली पहिल्या विभागात 4,010 बाळंतपणे झाली, 459 स्त्रिया दगावल्या. दुसऱ्यात 3,754 बाळंतपणांत 105. बहुतेकींचा बळी बाळंतज्वराने घेतला. ‘पहिल्या विभागात घालू नका’ म्हणून गोरगरीब बाया हातापाया पडत.

विद्वान मंडळी सांगत, हवेतील व भूमीतील दूषित प्रभावाने हा ताप येतो. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण सहायक डॉक्टरने साधा प्रश्न केला: हवा आणि भूमी दोन्ही विभागांना एकच, मग मरण एकाच विभागात जास्त का? एका प्रश्नात विद्वानांचा साक्षीदार कोसळला!

मग त्याने एकेक कारण पिंजऱ्यात उभे केले. गर्दीमुळे? गर्दी तर दुसऱ्या विभागातच अधिक. मरणासन्न रुग्णाकडे घंटा वाजवीत जाणाऱ्या पाद्र्याच्या भीतीमुळे? पाद्र्याचा मार्ग बदलला, घंटा थांबवली. मृत्यू थांबले नाहीत. बाळंतपणाच्या वेळी उताणे झोपवल्यामुळे? कुशीवर झोपवून पाहिले, फरक नाही.

आम्हा वकिलांना ही पद्धत परकी नाही. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसेल, तर खटला परिस्थितिजन्य पुराव्यावर चालतो. 1984 साली महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटले. त्यातील एक कसोटी अशी की, आरोपीच्या अपराधाखेरीज दुसरी कोणतीही शक्यता शिल्लक राहता कामा नये. सेमेलवाइस दुसरे काय करीत होता?

मार्च 1847 मध्ये त्याचे सहकारी प्राध्यापक कोलेत्श्का मरण पावले. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातातील सुरी त्यांना लागली होती. लक्षणे बाळंतज्वराचीच! सेमेलवाइसच्या ध्यानात आले की, डॉक्टर व विद्यार्थी प्रेते फाडून तसेच बाळंतिणींना तपासतात, सुईणी शवविच्छेदन करीत नाहीत. प्रेतातील काहीतरी डॉक्टरांच्या हातांवाटे बाळंतिणीच्या शरीरात जात असले पाहिजे. हे खरे असेल, तर हात स्वच्छ केल्यावर मृत्यू घटलेच पाहिजेत. मे महिन्यात त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. 1848 साली पहिल्या विभागात 3,556 बाळंतपणांत मृत्यू झाले 45. दोन्ही विभाग एका पातळीवर आले.

पुढे ऑक्टोबर 1847 मध्ये गर्भाशयाचा कर्करोग असलेल्या एका स्त्रीला तपासून त्याच हातांनी पुढच्या बाळंतिणी तपासल्या गेल्या आणि त्यांतील बहुतेक दगावल्या. येथे प्रेताचा संबंध नव्हता. सेमेलवाइसने आपले म्हणणे रेटले नाही, दुरुस्त केले: सडका अंश जिवंत शरीरातूनही येतो. जंतूंचा शोध पुढच्या पिढीचा. स्वतःच्या कारणाचीही उलटतपासणी करणे, हीच विज्ञाननिष्ठा.

तरीही अनेक नामवंतांनी त्याला नाकारले. त्याने आपले म्हणणे ग्रंथरूपाने मांडायला 1861 साल उजाडले, हा त्याचाही दोष. पण खरे दुखणे वेगळे होते. हवा दोषी असेल तर कोणीच दोषी नाही. हात दोषी असतील तर डॉक्टरच आरोपी! आपल्याही हातांनी कित्येक स्त्रिया मेल्या, ही कबुली सेमेलवाइसने स्वतः दिली. ती देण्याची हिंमत इतरांत नव्हती. 1865 साली तो वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला.

आपल्या देशात ‘पूर्वजन्मीचे पाप’ हे असेच कारण शतकानुशतके चालले. सुख आले तरी तेच, दुःख आले तरी तेच. ते खोटे ठरवील असा एकही पुरावा संभवत नाही, म्हणून ते काहीच समजावत नाही. फक्त दोषींना सुखाची झोप देते.

9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी जातीच्या उत्पत्तीवर निबंध वाचला, तेव्हा त्यांनी हाच मार्ग धरला. जाती कोणा एका मनूने निर्माण केल्या, हे त्यांनी मानले नाही. जातीतच विवाह या एका बंधनातून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथांचा उलगडा त्यांनी केला. आणि आपली भूमिका टिकत नाही असे पटले तर ती सोडण्याची तयारीही त्याच निबंधात नोंदवली. मनूचा सर्वांत कडवा टीकाकारही पुराव्यापुढे मनूला सोयीचा आरोपी करीत नाही, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

म्हणून यापुढे कोणीही कारण सांगितले, मग तो बाबा असो, डॉक्टर असो की आपल्याच व्यासपीठावरचा वक्ता, त्याला एवढेच विचारा: काय घडले म्हणजे तुमचे म्हणणे चूक ठरेल? उत्तर नसेल, तर त्याचे कारण स्वीकारू नका. आणि रोज रात्री हाच प्रश्न एकदा स्वतःलाही विचारा.