बाहेरगावच्या बाई आणि पाड्यावरची शाळा

परक्या मुलखात जाऊन शिकवणाऱ्या शिक्षकाचा विषय निघाला की मराठी वाचकाला आज बहुधा मस्कत, दुबई किंवा कुवेत यांसारखी वाळवंटी शहरे आठवतात. पदव्यांची प्रमाणपत्रे साक्षांकित करून घेण्याची धावपळ, नोकरी देणाऱ्या संस्थेवर अवलंबून असलेला निवास-परवाना, ऊन चढण्यापूर्वीच सुटणारी शाळेची बस, रमजानच्या महिन्यात आखूड होणारे तास आणि जुलै-ऑगस्टमधील मोठी सुटी, असा तेथील शिक्षकाच्या जीवनाचा साधारण आराखडा असतो. परंतु तेथील भारतीय शाळांतील वर्ग मात्र बव्हंशी ओळखीचाच असतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची पाठ्यपुस्तके, समोर मुख्यतः भारतीय कुटुंबांतीलच मुले आणि मुलाने शिकावे म्हणून पदरमोड करणारे पालक, अशी ती परिचित दुनिया परक्या हवेत उभी राहिलेली असते. याच्या नेमकी उलट स्थिती, म्हणजे देश आपला पण वर्ग सर्वस्वी परका, ही पालघर जिल्ह्यातील बोर्डी या गावी १९४५ साली दोन मराठी शिक्षिकांच्या वाट्याला आली आणि शिक्षकाच्या परकेपणाची कसोटी तेथे कदाचित अधिक कठोरपणे लागली.

बोर्डी हे डहाणू तालुक्यातील, गुजरातच्या सीमेलगतचे समुद्रकाठचे गाव. सुरूच्या झाडांची रांग, चिकूच्या वाड्या आणि जवळच असलेले घोलवडचे रेल्वे स्थानक यांमुळे ते आज पर्यटकांना ठाऊक आहे. गावात शिक्षणाचे वातावरण नव्हते असे मात्र नाही. गोखले एज्युकेशन सोसायटीचे सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल तेथे होते आणि आचार्य भिसे यांच्यासारखे ध्येयवादी शिक्षक या परिसरात कार्यरत होते. तथापि किनाऱ्यावरचे गाव आणि पूर्वेकडे तलासरीपर्यंत पसरलेले वारली पाडे, म्हणजे आदिवासींच्या विरळ वस्त्या, या दोन निराळ्या दुनिया होत्या.

या मुलखात आलेल्या दोघींपैकी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम केलेल्या आणि पुढे मुंबईत दादरला शिशुविहार उभारणाऱ्या बालशिक्षणतज्ज्ञ होत्या. मारिया मॉन्टेसरी यांची पद्धती, म्हणजे मुलाला मोकळेपणाने साधने हाताळू देऊन त्याच्या इंद्रियांमार्फत शिकू देण्याची रीत, त्यांनी शहरी मध्यमवर्गात रुजवली होती, आणि ती ग्रामीण गरिबांच्या मुलांना कशी देता येईल हा प्रश्न घेऊन त्या बोर्डीला आल्या. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांचा जन्म पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी विवाह आणि त्यानंतर काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताईंनी शिक्षिकेचा पेशा पत्करला होता आणि पुण्याच्या हुजूरपागेतील स्थिर नोकरी सोडून त्या या कामात दाखल झाल्या.

ज्या वर्षी ग्राम बाल शिक्षा केंद्र या त्यांच्या संस्थेचे हे काम सुरू झाले, ते वर्ष या तालुक्यांच्या इतिहासात दुसऱ्याच कारणासाठी ओळखले जाते. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी येथे किसान सभेच्या सभेत वारल्यांनी वेठबिगार, म्हणजे मोबदल्याविना करून घेतले जाणारे सक्तीचे काम, नाकारण्याचा निर्धार केला. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यात त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबायचे, ही लग्नगडी पद्धत तेव्हा जिवंत होती. अशा मुलखात पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतले, प्रमाण मराठी बोलणारे माणूस पाड्यावर आले, की ते सावकाराचे, जंगलखात्याचे किंवा पोलिसांचे असणार, हाच वारल्यांचा अनुभव होता. बाई दिसताच मुलांनी झाडामागे दडावे, यात अडाणीपणा शोधण्यापेक्षा रास्त सावधगिरी पाहणे अधिक न्याय्य ठरेल.

त्यामुळे येथील शिक्षिकेचा दिवस घंटा वाजण्यापासून सुरू होत नसे; तो पाड्यावर पायी जाण्यापासून सुरू होई. घरोघर फिरून मुले गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, खरूज किंवा जखम असेल तर धुऊन औषध लावायचे, आणि हे सर्व झाल्यावर गाणे, गोष्ट, मोजणे, रंग ओळखणे याकडे वळायचे. स्वच्छतेचा हा भाग शाळेपूर्वीची तयारी नव्हे तर शाळेचाच पाठ मानला गेला होता. ज्या आईचा दिवस वाडीवरच्या किंवा शेतावरच्या मजुरीत जातो, तिच्या मुलाला न्हाऊ घालणारी बाई वर्णमाला शिकवणाऱ्या बाईच्या आधी विश्वासाला पात्र ठरते. मॉन्टेसरीची परदेशी बनावटीची महागडी साधने येथे परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी किनाऱ्यावरचे शंख-शिंपले, बिया, खडे, पाने आणि फुले आली. गुळगुळीत शिंपला आणि खरखरीत साल यांतून स्पर्शज्ञान, आणि बियांच्या ढिगांतून संख्याज्ञान, असा तो बदल होता. साधन स्वस्त झाले ही त्यातली दुय्यम बाब होय. ते मुलाच्या रोजच्या हाताळण्यातले झाले, हे अधिक मोलाचे.

आरंभीचा मोठा धडा असा, की शाळा उघडून मुलांची वाट पाहणे येथे निरुपयोगी आहे. गावात एक मध्यवर्ती बालवाडी चालवावी आणि तिच्या जोडीला पाड्यावरच्या एखाद्या घराच्या अंगणातच मुलांना जमवावे, या व्यवस्थेतून अंगणवाडी आकाराला आली. आठ-दहा वर्षांची मुले गुरे राखायला जात, म्हणून गुरे चरतात तेथेच मुलांना शिकवणारी कुरणशाळा निघाली, आणि दिवसभर कामावर असणाऱ्यांसाठी कंदिलाच्या उजेडात रात्रीचे वर्ग भरले. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असे, त्यामुळे ती शाळेत येत नसे किंवा आली तरी तिचे लक्ष लागत नसे, हे ध्यानात आल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्याचा विकासवाडीचा प्रयोग झाला. या प्रत्येक प्रकाराचे मूळ एखाद्या ग्रंथातील सिद्धांतात नसून मूल न येण्याच्या एका ठोस कारणात आहे, आणि ते कारण शोधायला बाहेरून आलेल्या शिक्षिकेला पाड्यावरच जावे लागत होते.

१९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. त्यामुळे शिक्षिका पाड्यांच्या अधिक निकट आल्या, पण निवास अधिक एकाकी झाला. पावसाळ्यात ओढ्यांना पाणी आले की पाडे एकमेकांपासून तुटत, आणि याच महिन्यांत घरातले धान्यही संपत आलेले असे, त्यामुळे पेजेवर दिवस काढणाऱ्या मुलाला शिकवायचे काय, हा प्रश्न अध्यापनशास्त्राच्या कक्षेबाहेरचा राहत नसे. भाषेची अडचण तर रोजचीच. वारली बोली मराठीच्या जवळची असली तरी पुण्याच्या वर्गात घडलेल्या कानाला ती प्रथम अनोळखीच वाटणार, आणि मुलाला बाईंचे पुस्तकी बोलणे तितकेच अनोळखी. आखाती देशातील मराठी शिक्षकाला निदान वर्गात तरी असा बोलीचा उंबरठा सहसा ओलांडावा लागत नाही. अनुताईंनी पुढे या सर्व वर्षांचा वृत्तान्त ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मचरित्रात दिला.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव लाभले. पोषण, लसीकरण आणि नोंदवह्या यांचे ओझे वाहणाऱ्या आजच्या अंगणवाडीत शिंपल्यांनी आणि बियांनी शिकवण्याचा मूळ भाग कितपत उरला आहे, हा प्रश्न मात्र विचारावाच लागतो. निदान एक फरक स्वागतार्ह आहे: अंगणवाडी सेविका सामान्यतः त्याच गावची असते, त्यामुळे मुलांचा विश्वास मिळवण्यात जो काळ बाहेरच्या बाईंना घालवावा लागला, तो तिला घालवावा लागत नाही.

डहाणू-तलासरीच्या शिक्षणाची जुनी अडचण मात्र ऋतूंशी बांधलेली आहे. भाताची कापणी आटोपली, दिवाळी झाली, की अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि इतर मजुरीच्या कामांवर मुलांसह निघून जातात, आणि पटावर नाव असलेले मूल पावसाळ्याच्या तोंडापर्यंत वर्गात दिसत नाही. १९९० नंतरच्या दशकात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा चालवल्या. भट्टीवरचे मजूर ज्या तात्पुरत्या झोपडीत राहतात, तिला भोंगा म्हणतात. तशाच भोंग्यात भट्टीशेजारी वर्ग भरे. कुरणशाळेने गुरांमागे जाणाऱ्या मुलासाठी केले, तेच येथे विटांमागे जाणाऱ्या मुलासाठी करण्यात आले.