कणा ताठर, डोळा लाल

आपल्या घरातील कोणाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा दाहक संधिवात असेल, तर त्यांच्या डोळ्यांकडेही लक्ष ठेवावे. हा विकार बहुधा तरुणपणी जडतो आणि आयुष्यभर सोबत करतो. साधारणपणे दर तीन-चार रुग्णांपैकी एकाला कधी ना कधी डोळ्याच्या आतील भागाचा दाह होतो. त्यास युव्हिआयटिस म्हणतात.

बहुधा एकच डोळा अचानक लाल होतो, ठणकतो, उजेड सोसवत नाही आणि दृष्टी अंधुक होते. ‘डोळे आले असतील’ असे म्हणून चार दिवस वाट पाहू नये. डोळे येतात तेव्हा खाज सुटते, चिपडे येतात. येथे नुसते पाणी वाहते. उपचार लांबले तर बाहुलीची कडा मागील नेत्रभिंगाला चिकटते. पुढे काचबिंदू, मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाची सूज उद्भवू शकते. म्हणून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. सोबत तीव्र डोकेदुखी व उलट्या असतील, तर तो अचानक उद्भवलेला काचबिंदूही असू शकतो. तेव्हा क्षणाचाही विलंब नको.

मागच्या खेपेचे उरलेले स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून घालू नयेत. डोळ्याला विषाणूंचा संसर्ग असल्यास त्यांनी अपाय होतो. तसेच बरे वाटताच थेंब एकाएकी बंदही करू नयेत; डॉक्टर ते हळूहळू कमी करतात.

शुश्रूषा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की ताठरलेली मान मागे वळत नाही. रुग्णाला उशा देऊन आडवे करावे, खालची पापणी हलकेच ओढून एकच थेंब घालावा व दुसऱ्या औषधापूर्वी पाच मिनिटे थांबावे. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही काळ धूसर दिसते. अशा वेळी त्यांना एकटे चालू देऊ नये, कारण ताठर कणा ठिसूळ असतो आणि साध्या पडण्यानेही मोडू शकतो. तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवणे त्यांना जड जाते, हेही आधीच सांगावे.

नेत्रतज्ज्ञांना पाठीचा आजार आणि संधिवाततज्ज्ञांना डोळ्याचा आजार अवश्य कळवावा. डोळ्याचा त्रास वारंवार होत असेल, तर त्यावरून पाठीचे औषधही बदलावे लागते.