मामा, पासवर्ड काढून टाका ना!

दिवाळीला घरी अंबाजोगाईला गेलो, तर भाच्याने माळ्यावरून माझा खजिना शोधून काढलेला. निन्टेंडो डीएस! पहिल्या पगारातून घेतलेला. चार्ज केला आणि चक्क सुरू झाला की राव! पण घरच्या वायफायला काही केल्या जोडला जाईना.

भानगड अशी, की २००४ साली आलेल्या या डीएसला फक्त 'वेप' नावाचं कुलूप कळतं. ते कसं फोडायचं, हे २००१ मध्येच जगजाहीर झालं होतं. आपल्या राउटरचं डब्ल्यूपीए-२ त्याच्या डोक्यावरून जातं.

"मामा, पासवर्डच काढून टाका ना!" भाचा म्हणाला. हात सेटिंगकडे गेलाही. मग २००८ सालचं नवी मुंबईतलं सानपाडा आठवलं. अहमदाबाद स्फोटांचा धमकीचा ई-मेल तिथल्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेला होता आणि पोलीस आले ते त्या घराच्या दारात. शिवाय बाबांचे बँकेचे व्यवहार आमच्या वायफायवरच चालतात. नको रे बाबा!

आणि ज्या ऑनलाइन सेवेसाठी हा आटापिटा, ती निन्टेंडोने २०१४ मध्येच बंद केलीय. मग? ताईच्या कपाटातून तिचा डीएस निघाला. दोन डीएस जवळ असले, की थेट एकमेकांशी बोलतात. राउटर लागतच नाही! काही गेम्स तर एकाच कार्ट्रिजवर दोघांना खेळता येतात.

रात्री मामा-भाचे गच्चीवर रेस लावून बसलो. हरलो मीच. कुलूप मात्र शाबूत!